फडाची गाडी: पाठभेद आणि भंगार

शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यालगत, उसाच्या दोन शेतांमधल्या पडीक तुकड्यावर, बाभळीखाली एक जुना मालट्रक उभा आहे. उभा आहे म्हणायचे ते सवयीने. चाके केव्हाच काढून नेलेली आहेत आणि चासी विटांच्या चार ढिगांवर टेकली आहे. हौद्याच्या लाकडाला खालून वाळवी लागली आहे, केबिनच्या टपावर वेल चढला आहे. समोरच्या जाळीवर मात्र तीन टोकांचा तारा अजून ओळखू येतो. टेल्कोचे जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी असलेले सहकार्य १९५४ मध्ये सुरू झाले आणि १९६९ मध्ये संपले. तेव्हा गाडीने पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे, एवढे त्या ताऱ्यावरून म्हणता येते.

ही गाडी एका ढोलकीफडाची. फड मोडला, गाडी राहिली. मालकीण स्वतः फडात नाचलेल्या, आता सत्तरी ओलांडलेल्या. त्यांना आम्ही मावशी म्हणतो. त्यांच्या मुलापुढे आज दोन गिऱ्हाइके आहेत. एक भंगारवाला, जो किलोवर भाव सांगून गेला आहे. दुसरा कृषिपर्यटन केंद्राचा चालक, ज्याला ही गाडी डागडुजी करून, रंगवून, आत पलंग-पंखा बसवून पाहुण्यांच्या मुक्कामासाठी हवी आहे. मुलगा आम्हांस म्हणाला, “सर, तुम्ही तमाशावर लिहिता, शिकवता. ठेवण्याजोगी हाय का, तेवढं सांगा. न्हाईतर पावसाआधी देऊन टाकतो.” आम्ही साहित्याचे अध्यापक, मोटारीतले आम्हांस काही कळत नाही. तरीही हा प्रश्न आमच्याच विषयातला आहे असे तीन खेपांनंतर आमचे मत झाले आहे.

आधी हे सांगायला हवे की फडाची गाडी म्हणजे नुसते सामान वाहणारे वाहन नव्हे. दौंड तालुक्यातले चौफुला संगीतबारीसाठी प्रसिद्ध आहे. भूषण कोरगावकरांचे ‘संगीत बारी’ (२०१४) वाचलेल्यांना ते जग ठाऊक असेल. तिथे थिएटर एका जागी असते आणि रसिक चालून येतो. ढोलकीफडाची रीत उलटी. दसऱ्याला फड बाहेर पडतो तो बुद्धपौर्णिमेपर्यंत घरी फिरकत नाही. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावच्या राहुट्यांमध्ये गावोगावचे पंच येऊन सुपारी ठरवतात, आणि मग आज या जत्रेत, उद्या त्या जत्रेत. वर्षातले सात-आठ महिने ज्यांचा संसार असा चालतो त्यांचे घर कोणते? मतदारयादीतले, की हौद्यातले? शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बी. के. मोमीन कवठेकर यांच्यासारख्या वगलेखकांनी फडांसाठी जे लिहिले, ते ज्यांच्या तोंडून लोकांपर्यंत गेले ती माणसे रात्रीच्या खेळानंतर असल्याच गाड्यांत अंग टाकत होती.

हौद्याच्या आत शिरले की डोळे सरावायला वेळ लागतो. मग एकेक गोष्ट दिसू लागते. डाव्या अंगाला बिजागऱ्यांवर दुमडणाऱ्या दोन फळ्या. त्या खाली सोडल्या की झोपायची जागा. मधोमध एक आडवी पट्टी, तिच्यावर पडदा अडकवण्याचे आकडे; पडद्याच्या आतली बाजू बायकांची. पत्रा कापून केलेली वीतभर खिडकी, तिला बाहेरून जाळी. एका कोपऱ्यात स्टोव्हच्या काजळीचा डाग. फाळक्याच्या आतल्या अंगावर तेलरंगाने लिहिलेली गावांची नावे, त्यांच्यापुढे आकडे, काही आकड्यांवर काट. बाहेरच्या पत्र्यावर रंगाचे चार थर आहेत आणि पोपडे निघाले तिथे एका फडाच्या नावाखालून दुसऱ्या फडाचे नाव डोकावते. फड फुटतात, सरदार वेगळे होतात, गाडी ज्याच्या वाट्याला येते तो आपले नाव वर चढवतो.

आता ‘जीर्णोद्धार’ करायचा म्हणजे यांतले नेमके काय परत आणायचे?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली जी दुरुस्ती झाली, तिने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देऊ केली. पण कोणत्या वाहनांना? दुचाकींना, आणि चालक सोडून आठापर्यंत आसने असलेल्या प्रवासी चारचाकींना. त्याही खासगी, बिगरव्यापारी वापराच्या. शिवाय गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. संस्थानिकाची मोटार या व्याख्येत अलगद बसते. मालट्रक बसत नाही. ज्याच्या हौद्यात पंधरा माणसांनी संसार केला तो तर दोन्ही अटींवर बाद. कायद्याने हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. मात्र ‘जपण्याजोगे’ या शब्दाच्या पोटात ‘मालकाच्या हौसेचे’ हा अर्थ किती सहज दडून बसतो, ते येथे दिसते.

‘मूळ स्वरूप’ हा शब्द आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी तरी बिचकूनच वापरावा. पुण्यातच, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले. वि. स. सुकथनकरांनी आपण व्यासांचे मूळ महाभारत हाती देत आहोत असा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जिथवर मागे जाता येते तिथवरचा पाठ, इतकेच त्यांचे म्हणणे होते. आणि वगळलेले श्लोक त्यांनी फेकून दिले नाहीत. ते तळटिपांत आणि परिशिष्टांत छापले. हा विवेक घेऊन आम्ही गाडीकडे पाहिले तेव्हा एक अडचण लक्षात आली. महाभारताच्या बाबतीत निदान मुळाकडे जाण्यात अर्थ होता. या गाडीचे मूळ म्हणजे जमशेदपूरच्या कारखान्यातून निघालेली, हजारो बहिणींसारखी एक चासी. तिच्यात जे काही अपूर्व आहे ते सगळेच्या सगळे प्रक्षिप्त आहे. फळी प्रक्षिप्त, खिडकी प्रक्षिप्त, नावावरचे नाव प्रक्षिप्त. ती ‘शुद्ध’ केली तर संहिता संपली.

(बतावणीचेही असेच नाही काय? सोंगाड्याने काल रात्री घातलेली पदरची वाक्ये काढून टाकून वगाची शुद्ध प्रत सिद्ध करणाऱ्या संपादकाच्या हाती नेमके काय उरते, हा प्रश्न आमच्या विद्यापीठीय प्रबंधांना अद्याप फारसा पडलेला नाही.)

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ‘फिव्हा’ने, केलेली तुरिन सनद या बाबतीत आपल्या नियमापेक्षा शहाणी आहे. गाडी कारखान्यातून निघाली तशीच दिसली पाहिजे असा हट्ट ती धरत नाही. पण तुरिनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. ही गाडी ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात, घोड नदीकाठी, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातल्या शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. चूल कुठे होती, धान्य कुठे साठवत, पोराला कुठे पुरले, याची मोजमापांसह नोंद झाली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या घराचा आराखडा आपल्यापाशी आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या नाचणाऱ्या बाईच्या घराचा नाही. याच तालुक्यात पाबळला मस्तानीची समाधी आहे. तिच्या कोथरूडच्या महालाचे अवशेष पुण्यात केळकर संग्रहालयात पुन्हा उभारले गेले, तेही योग्यच झाले. महाल जपायचा असतो हे आपल्याला कळते.

इथवर आमचे सगळे सुरळीत जमत आले होते. गाडी जपावी, हा निष्कर्ष जवळजवळ लिहून झाला होता. दुसऱ्या खेपेला मावशी स्वतः आमच्याबरोबर गाडीपर्यंत आल्या. आत मात्र चढल्या नाहीत. फाळक्याशी उभ्या राहून म्हणाल्या, “तुमी म्हणता ठेवा. कशापायी ठेवायची? उन्हाळ्यात ह्यो पत्रा तापला की आत भाकर भाजावी. रातभर नाचायचं नि दिवसा ह्यात शिजायचं. मला ही दिसली की झोप येत न्हाई.”

मग त्यांनी फाळक्याच्या आतल्या बाजूची कडी दाखवली. आम्ही ती आधी पाहिली होती, पण वाचली नव्हती. मालट्रकच्या फाळक्याला कडी बाहेरून असते. माल पडू नये म्हणून. या गाडीला बाहेरची आहेच, शिवाय आतूनही आहे: मनगटाएवढ्या जाडीची, लोहाराकडून करवून घेतलेली, तिच्याखाली आणखी एक. खेळ सुटल्यावर दारू प्यालेली मंडळी गाडीभोवती जमत. पत्र्यावर थापा मारत, कधी दगड घालत. आत पोरींनी दिवा मालवून, आवाज न करता बसायचे. “पहिली कडी माझ्या सासऱ्यानं लावली. दुसरी म्या लावून घेतली.”

वगांच्या ज्या छापील संहिता आमच्या अभ्यासक्रमांत येतात त्यांत ही कडी कुठेही नाही. गण, गौळण, बतावणी, वग असा तमाशाचा आकृतिबंध आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्यात खेळ सुटल्यानंतरच्या तासाला जागा नाही. कडीवर शाई नाही, पण आमच्या मते या गाडीतला सर्वांत महत्त्वाचा पाठ तोच आहे.

म्हणून कृषिपर्यटनवाल्याच्या प्रस्तावाबद्दल आम्ही स्पष्ट बोलतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरच्या घरात हौसेने राहणारा वर्ग आपल्याकडे तयार होत आहे आणि त्यात वावगे काही नाही. परंतु या गाडीला भडक रंग देऊन, बाहेर नऊवारीतल्या बाईचे चित्र काढून, आत पाहुण्यांची शेज मांडणे म्हणजे ज्यांच्या भीतीने ती कडी बसवली त्यांनाच आत घेणे होय. त्यापेक्षा भंगार बरे. भंगार निदान खोटे बोलत नाही. हे मत कडवट आहे याची जाणीव आम्हांस आहे, आणि ते देण्याचा आमचा अधिकारही तोकडाच. कारण पैसे त्या माणसाकडून मिळणार आहेत, आमच्याकडून नव्हे. २०२० आणि २०२१ या लागोपाठ दोन वर्षी जत्रा बंद राहिल्या, सुपाऱ्या बुडाल्या. सावकाराची उचल मात्र बंद नव्हती. ज्या घराने हे सोसले त्याला ‘वारसा’ हा शब्द ऐकवताना जीभ जरा जड व्हायला हवी.

मिस्त्रीला आम्ही तिसऱ्या खेपेला घेऊन गेलो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: इंजिन जाम आहे, पाटे खचले आहेत, चासीला मागच्या अंगाने गंज इतका खोल गेला आहे की गाडी चालती करायची म्हणजे जवळपास नवी करायची. केबिन आणि हौदा मात्र वाचेल. वाळवी लागलेली लाकडे बदलावी लागतील, तीही खालचीच. फळ्या, खिडकी, फाळका शाबूत आहेत.

त्यावरून आमचा सल्ला ठरला. इंजिन, गिअरबॉक्स, आस हे भंगारवाल्याला द्यावे. लोखंडाचे वजन मुख्यतः तिथेच आहे, म्हणजे घराचे फारसे नुकसान होत नाही. केबिन आणि हौदा उतरवून शेडखाली घ्यावा. रंग घासू नये, नवा लावू नये. बदललेले लाकूड बदललेले म्हणून ओळखू यावे. आणि हे सगळे करण्यापूर्वी इनामगावच्या पद्धतीने मोजमाप व्हावे, आणि मावशींसारख्या ज्या तीन-चार जणी अद्याप आहेत त्यांच्याकडून प्रत्येक आकडा, प्रत्येक डाग कशाचा ते विचारून लिहून घ्यावे. पैसे एकाच कामाला पुरणार असतील तर शेडऐवजी या कामाला लागावेत, असेही आम्ही लिहिले आहे.

आमच्यातल्याच एकाचा याला विरोध आहे आणि तो सहज झटकता येण्यासारखा नाही. त्याचे म्हणणे असे की न चालणारी फडाची गाडी म्हणजे न गायलेली लावणी. ती संग्रहालयातल्या पेटीत जाते आणि फड मेला यावर आपणच शिक्कामोर्तब करतो. फड तर मेलेला नाही, हे खरेच आहे. जत्रांतल्या तंबू-सिनेमाची गाडी आणि तिच्यावरचे यंत्र यांच्या अखेरच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. त्यात निदान निरोप घेण्यासारखे काही होते. तमाशाचे फड आजही दसऱ्याला बाहेर पडतात, नव्या गाड्यांतून. त्या गाड्यांच्या आतून कडी आहे का, हे आम्ही अजून पाहिलेले नाही. पाहायला हवे.

मुलाने अद्याप काही ठरवलेले नाही. मोजमापाला त्याची ना नाही. मावशींनी बसून सांगायचे कबूल केले आहे. गाडीत नव्हे, घराच्या ओसरीवर, आणि दुपारी नव्हे. पावसापूर्वी हौद्यावर नवी ताडपत्री टाकायला हवी. तिच्यापुरती वर्गणी महाविद्यालयात जमली आहे.