घरातील व्यायाम : सुटी वजने की यंत्र?

तंजावरच्या उत्तरेस सुमारे तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव आहे. या गावाचे नाव उच्चारताच रसिकांच्या डोळ्यांपुढे संत त्यागराजांची समाधी आणि पौष वद्य पंचमीचा आराधना सोहळा उभा राहतो. येथे मात्र त्या गावाचा विचार एका अगदी वेगळ्या निमित्ताने करावयाचा आहे. तेथील जुन्या वळणाच्या घरात शरीर कमावण्याची साधने आणावयाची झाल्यास ती कोणती आणावीत, हा तो प्रश्न होय.

घराची रचना ध्यानी घेतल्यावाचून या प्रश्नास हात घालता येत नाही. कावेरीच्या खोऱ्यातील जुनी घरे रस्त्याकडून अरुंद आणि आत खोलवर गेलेली असतात. पुढे ‘तिण्णै’ म्हणजे ओटा, आत ‘कूडम’ म्हणजे माजघरासारखे दालन, मध्ये आकाशाकडे उघडा छोटा चौक. शेजाऱ्याची भिंत तीच आपली भिंत. मराठा राजवटीबरोबर, म्हणजे १६७६ नंतर, इकडे येऊन कायमच्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनीही हीच घरबांधणी आपली मानली. अशा घरात पूजा, झोपाळा, धान्याचे पोते आणि पाहुणे यांची सोय लावून झाल्यावर उरते ती जेमतेम दोन चटयांची जागा. नोकरीस लागलेल्या मुलाच्या भ्रमणध्वनीवर मल्टिजिमची जाहिरात येते ती नेमकी या जागेवर डोळा ठेवून. मासिक हप्ता अल्प, वितरण घरपोच आणि ‘व्याज शून्य’!

प्रथम शरीरशास्त्राचे पाहू, कारण या बाबतीत दोन्ही पक्षांचे अभिमानी बरेच अतिरंजित बोलतात. स्नायू वाढतो तो त्यावर पडणाऱ्या ताणामुळे. तो ताण लोखंडी गोळ्याने दिला की तारेच्या टोकास बांधलेल्या पट्ट्यांनी, हे स्नायूस कळत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात सुटी वजने आणि यंत्रे यांची तुलना करणारे अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले. स्नायूंच्या वाढीत दोहोंत उल्लेखनीय फरक आढळला नाही. ताकदीच्या बाबतीत मात्र ज्या साधनावर सराव केला त्याच साधनावर प्रगती अधिक दिसली. म्हणजे यंत्रावर सराव करणारा यंत्रावर अधिक बलवान ठरतो आणि सुट्या वजनांवर सराव करणारा सुट्या वजनांवर. वजन अगदी जड असण्याचीही सक्ती नाही. हलक्या वजनाची पुष्कळ आवर्तने थकव्याच्या टोकापर्यंत नेली तरी वाढ जवळपास तेवढीच होते.

असे असेल तर निवड स्नायूने करावयाची नसून घराने करावयाची आहे. तिरुवैयारुच्या घराचा कौल सुट्या वजनांच्या बाजूने पडतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

यंत्रांना कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. स्वीडनच्या डॉ. गुस्ताव झांडर यांनी १८६५ मध्ये स्टॉकहोम येथे यंत्रोपचाराची संस्था उघडली ती रुग्णांच्या व्यायामासाठी. पुढे १९७० मध्ये अमेरिकेतील आर्थर जोन्स यांनी ‘नॉटिलस’ यंत्रे बाजारात आणली. हाताची शक्ती हालचालीच्या प्रत्येक टप्प्यावर सारखी नसते, हे ओळखून त्यांनी शंखाच्या वळणाची चकती बसवली आणि त्या त्या टप्प्याला साजेसा भार दिला. ही कल्पकता खरोखरच दाद देण्याजोगी आहे. यंत्रात हालचालीचा मार्ग ठरलेला असतो, त्यामुळे नवशिका चुकत नाही आणि वजन अंगावर पडण्याचे भय जवळपास नसते. दुखापतीतून उठणाऱ्यास हा मोठाच आधार आहे.

परंतु व्यायामशाळेतील यंत्र वेगळे आणि घरी येणारे मल्टिजिम वेगळे, ही गोष्ट जाहिरातीत सांगितली जात नाही. व्यायामशाळेत प्रत्येक स्नायुसमूहासाठी स्वतंत्र यंत्र असते. घरच्या मल्टिजिममध्ये वजनांची एकच चळत आणि तिच्यावरच तारा व कप्प्यांचा सारा संसार. छातीस जे वजन पुरते ते पायांना लवकरच अपुरे पडते. एक जण बसला की दुसऱ्याने थांबावयाचे. त्यात हा नदीकाठ! ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, एरवीही हवेत दमटपणा. तार गंजते, कप्पी कुरकुरते आणि तिची दुरुस्ती करणारा कारागीर तंजावर किंवा तिरुचिरापल्लीहून यावयाचा असतो. लोखंडी चकतीस गंज चढला तर कोरडे फडके आणि चमचाभर खोबरेल तेल पुरते. बंद पडलेल्या मल्टिजिमवर ओले कपडे उत्तम वाळतात, हा अनुभव मात्र पुण्यापासून तंजावरपर्यंत एकच आहे.

या संदर्भात औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे उदाहरण मननीय आहे. त्यांनी १८९७ मध्ये युजेन सँडो या जगप्रसिद्ध मल्लाची साधने आणि पुस्तके विकत घेतली व सुमारे दहा वर्षे त्याबरहुकूम नियमाने व्यायाम केला. एका घरगुती साधनाशी सलग दहा वर्षे इमान राखणारे आज किती निघतील? पुढे १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि औंधच्या शाळांतूनही त्यांनी नमस्कार सुरू केले. साधन सुटले, व्यायाम सुटला नाही. ज्यांना दरमहा हप्ता भरून व्यायामाची शिस्त अंगी बाणेल असे वाटते, त्यांनी हा क्रम उलटा आहे हे ध्यानी घ्यावे. प्रथम तीन महिने जोर, बैठका आणि नमस्कार नियमाने करून दाखवावेत. लोखंड त्यानंतर आणावे.

शिवाय सुटी वजने ही काही या मातीस परकी नाहीत. दक्षिण तामिळनाडूत, विशेषतः तिरुनेलवेलीकडे, ‘इळवट्टक्कल’ नावाचा गोल गुळगुळीत धोंडा खांद्यावर उचलून तरुणाने आपली ताकद सिद्ध करावयाची प्रथा होती. पोंगलच्या सुमारास तिच्या स्पर्धा आजही होतात. आपल्याकडे देवळापुढची गोटी उचलण्याची चाल याच जातीची. तमिळ तालमीत फिरवतात ती ‘कर्लाकट्टै’ पाहून मराठी माणसास आपले मुद्गल आठवतात आणि तिचे नाव ऐकून ‘करेल’. गोटीला तार नव्हती की कप्पी नव्हती. ती तोल जाऊ न देता उचलावी लागे आणि त्या तोल सांभाळण्यातच पोटाचे, कमरेचे व पाठीचे स्नायू कामास लागत. घरात रोज जे उचलावे लागते तेही असेच सुटे असते. तांदळाचे पंचवीस किलोचे पोते कोणत्याही रुळावरून सरकत नाही.

आता व्यवहाराचे. चकत्या बदलता येतील अशी डंबेलची एक जोडी, एकूण तीस-चाळीस किलोच्या चकत्या, एक भक्कम बाक आणि फरशी वाचवणारी जाड रबरी चटई एवढे साहित्य बहुतेकांस काही वर्षे पुरावे. मल्टिजिमच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात हे बसते आणि काम झाले की पलंगाखाली सरकते. डंबेल छातीशी धरून बैठका, कमरेत वाकून वजन उचलणे, एका हाताने ओढणे, डोक्यावर ढकलणे आणि जोडीला साधे जोर एवढ्यात सर्व प्रमुख स्नायू येतात. आठ आवर्तने जमतील असे वजन निवडावे, सरावाने ती बारा झाली की थोडी भर घालावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायुसमूहांचा व्यायाम करावा. तारीख, वजन आणि आवर्तने यांची वहीत नोंद ठेवावी. बँकेच्या ग्राहकास पासबुकाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

सुट्या वजनांचे दोषही मान्य केले पाहिजेत. चुकीच्या ढबीने कमरेस इजा होते, त्यामुळे आरंभीचे काही दिवस जाणकाराच्या नजरेखाली काढणे इष्ट. लांब दांडा घेऊन बाकावर उताणे पडून छातीवरून वजन ढकलण्याचा व्यायाम घरी एकट्याने मुळीच करू नये. दांडा छातीवर अडकला तर सोडवणार कोण? डंबेल निदान बाजूस सोडून देता येतात. ते जोराने आपटले तर सामाईक भिंतीपलीकडचा शेजारी पहाटे जागा होईल, ही अडचण निराळीच. लहान मुले असलेल्या घरात चकत्या कुलुपात ठेवाव्यात.

आहाराविषयी थोडेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. साठ किलोच्या माणसास सुमारे पन्नास ग्रॅम झाली, व्यायाम करणाऱ्यास त्याहून काहीशी अधिक. भातप्रधान जेवणात डाळ, दही, कडधान्ये, अंडी यांची भर जाणीवपूर्वक घालावी लागते. तिरुवैयारुचा प्रसिद्ध ‘अशोका’ हलवा मुगाच्या डाळीचाच असतो हे खरे, पण त्यातील साखर आणि तूप पाहता त्यास प्रथिनांच्या खात्यात जमा धरता येणार नाही.

‘शून्य व्याजा’विषयीही स्पष्ट बोलणे बरे. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याज कोठे तरी वसूल होतेच, कधी वाढीव किमतीत, कधी रोखीने मिळाली असती त्या सवलतीत, कधी प्रक्रिया शुल्कात. त्यातून हे साधन झपाट्याने मोल गमावणारे. चार वर्षे वापरलेले मल्टिजिम विकावयास काढले तर ते सोडवून नेण्याचा खर्च कोणी करावा यावरच घासाघीस सुरू होते. लोखंडी चकती मात्र चार वर्षांनीही दहा किलोचीच असते आणि तिला गिऱ्हाईक मिळते.

एक गोष्ट या चर्चेत बहुधा राहून जाते. साधन आणावयाचे ते तरुण मुलासाठी असे गृहीत धरले जाते. वास्तविक चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, साठीनंतर ही घट वेग घेते आणि तिचा पहिला फटका घरातील आजीस बसतो. झोपाळ्यावरून उठताना साखळीचा आधार लागू लागतो, उंबरठा ओलांडताना तोल जातो आणि एखाद्या पडण्याने खुब्याचे हाड मोडते. मल्टिजिमच्या उंच आसनावर ती चढणार नाही. तिच्यासाठी भिंतीस टेकवलेली खुर्ची आणि एक-दोन किलोचे डंबेल पुरतात. हृदयविकार, रक्तदाब अथवा सांध्याचे दुखणे असल्यास वैद्यांचा सल्ला घेऊन, हातांच्या आधाराविना खुर्चीतून दहा वेळा उठावे आणि सावकाश बसावे. ते सोपे वाटू लागले की डंबेल छातीशी धरावा. वेळप्रसंगी घरातल्यांपैकी कोणी शेजारी उभे राहावे. पहाटे नातू ज्या चकत्या वापरतो त्यातल्याच हलक्या चकत्या दहा वाजता सून वापरते आणि संध्याकाळी त्याच कूडमात आजी बसते. पुढच्या पौषात कावेरीच्या घाटाच्या पायऱ्या तिला कोणाचा हात न धरता उतरावयाच्या आहेत.