तुमच्या पासपोर्टवर दोन बाटल्या



लेकीकडून दुबईहून परतताना विमानतळावर दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर पीत नाही. तुमचा दोन लिटरचा कोटा वाया कशाला घालवायचा? फक्त पिशवी हातात धरा." नणंदेच्या सासरची माणसं बरोबर होती, मी गप्प बसले आणि पिशवी धरली. एका हातात जपमाळेची डबी, दुसऱ्या हातात दोन बाटल्या! ती लाज आज लिहून टाकते, कारण असं मागणं आपल्या घराघरांत होतं आणि आपण "कशाला वाईटपणा" म्हणून होकार देतो.

आधी हिशेब बघा. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, आणि बियरही त्यातच मोजली जाते. ही कमाल मर्यादा आहे, रेशनचा कोटा नव्हे, की उचलला नाही तर बुडाला. शिवाय एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही, असं सामानाच्या नियमांतच म्हटलं आहे. म्हणजे "कायद्यात बसतं" हेही खोटंच. कस्टमच्या माणसानं "हे कुणाचं?" विचारलं असतं, तर मी काय सांगणार होते? "माझं" म्हटलं तर असत्य, "त्यांचं" म्हटलं तर नियमभंग. आणि आपल्या महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, हे किती जणींना ठाऊक आहे?

आता धर्माचा हिशेब. "आपण कुठे पितो?" हे उत्तर आपल्याकडे चालत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, तिन्ही खात्यांत नोंद होते. मद्यत्याग हा श्रावकाच्या मूलगुणांत येतो, मद्य सात व्यसनांत मोडतं. आंबवण्यात असंख्य जीवांची हिंसा आहे. रात्री पाणीसुद्धा न पिणाऱ्या बाईनं ती बाटली छातीशी धरून घरी आणायची? कंदमूळ निवडून बाजूला काढणारे आपले हात एवढे स्वस्त झाले?

"दुकान ड्युटी फ्री आहे" म्हणतात. कर माफ होईल हो, पण आपली ड्युटी कशी माफ होणार?

काही जणी म्हणतील, नाती तुटतील. माझी तुटली नाहीत. पुढच्या वेळी मी आधीच सांगितलं, "भाऊजी, केशर, खजूर, मुलांची चॉकलेटं, हवं ते आणते. बाटली नाही." ते दोन दिवस फुगले, तिसऱ्या दिवशी चहाला आले.

नातवंडं आपले हात बघत असतात. प्रवचनात ऐकलेलं ती विसरतील, पण आजीच्या हातातली पिशवी विसरणार नाहीत. म्हणून पुढच्या प्रवासाला निघण्याआधीच, घरी बसूनच, "नाही" म्हणून टाका. विमानतळावर ते फार जड जातं.