रोटरच्या गतीचा बंदोबस्त

इंधनावर चालणाऱ्या रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टरचा दीड मीटर व्यासाचा रोटर मिनिटाला १,८०० फेरे घेऊ लागला, की त्याच्या पात्यांची टोके ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने हवा कापीत असतात; आणि पात्यांचा कोन वाढविताच भाराने खालावणारी ही गती, चुंबक व संवेदक यांच्या साहाय्याने फेरे मोजून व इंजिनाचे थ्रॉटल आपोआप कमीजास्त करून स्थिर राखणारा गव्हर्नर हा चैनीचा नव्हे, सुरक्षिततेचा विषय होय, असे माझे निश्चित मत आहे. मात्र संवेदक चुंबकाची नोंद घेतो की नाही, हे इंजिन बंद असतानाच प्रत्येक वेळी तपासले पाहिजे.

२०२१च्या ड्रोन नियमांनी मनोरंजनार्थ, दृष्टीच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींना प्रकार-प्रमाणपत्राची अट माफ केली असल्याने यंत्राच्या सुस्थितीची जबाबदारी सर्वस्वी उडविणाऱ्यावर येते. उल्हासनगरच्या दाट वस्तीत अशा उड्डाणास सक्त मनाई असावी. बदलापुराबाहेरच्या निर्मनुष्य माळावरही हवाईक्षेत्राचा नकाशा पाहिल्यावाचून कोणी ते करू नये. परंतु मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीसारखा कारखाना ज्या अंबरनाथात आहे, तेथील तंत्रशिक्षण संस्थांनी जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनासाठी योजलेल्या नियंत्रकापासून या चिमुकल्या गव्हर्नरपर्यंतचे तत्त्व विद्यार्थ्यांच्या हातांनी जुळवून घ्यावे, आणि नगरपालिकांनी कुंपणबंद मैदानाचा त्यांचा अर्ज दफ्तरात पडू देऊ नये.