साखर कुणाला मिळाली?

बालमित्रांनो,

मी पाचवीत होते तेव्हाची गोष्ट. राखेच्या बुधवारी चर्चमधून घरी आले, तेव्हा कपाळावर राखेचा क्रूस होता. ही राख कशाची असते, ठाऊक आहे? आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून ती करतात. त्या बुधवारपासून आमचा उपवासकाळ सुरू होतो. ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलंत, तर दिवस भरतात ४६. मग चाळीस दिवसांचा उपास कसा म्हणतात? मधले ६ रविवार वजा करा! रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, आनंदाचा. येशूने अरण्यात ४० दिवस उपास केला, त्याची ही आठवण.

तर मी जाहीर केलं, "ईस्टरपर्यंत चहात साखर नाही!" शेजारी, वर्गात, अगदी दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं. तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाने माझी पेन्सिल घेतली. मी त्याला धपाटा घातला. आई रागावली, तर फणकाऱ्याने म्हणाले, "माझा उपास आहे ना!"

आजी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बाय, तू साखर सोडलीस, ती कुणाला मिळाली गं?"

मी गप्पच!

मग हळूहळू लक्षात आलं, आजी दुपारचा चहाच घेत नव्हती. तेवढी साखर आणि चहापूड ती एका डब्यात काढून ठेवी. गल्लीच्या टोकाला एक आजारी बाई एकट्याच राहत. डबा भरला, की त्यांच्याकडे जाई. आजीने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात, ६व्या अध्यायात येशू हेच शिकवतो. उपास करताना चेहरा पाडून हिंडू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे लोकांना कळणार नाही. आणि यशया संदेष्टा ५८व्या अध्यायात म्हणतो, की आपली भाकर भुकेल्याला वाटून देणं, हा देवाला आवडणारा उपास.

आणि हो, तुम्ही वाढत्या वयाची मुलं. जेवण सोडायचं नाही, बरं का! कॅथोलिक चर्चच्या नियमातही जेवण कमी करण्याचा उपास १८ वर्षं पूर्ण झाल्यावरच लागू होतो. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ पासून. आईबाबांनीही हे लक्षात ठेवावं.

मग तुम्ही काय सोडाल? खाऊचे पैसे? मोबाइलवरचा अर्धा तास? पण आधी ठरवा, ते कुणाला मिळणार. पैसे एखाद्या गरजू मुलाच्या वहीला, अर्धा तास आजोबांना पेपर वाचून दाखवायला. सोडणं सोपं असतं हो, पोचवणं कठीण!

दुसऱ्या दिवशी ती पेन्सिल मी भावाला देऊन टाकली. साखरेचं पुढे काय केलं? ते मात्र सांगणार नाही!

तुमची,
ताई