इंजिनियरांचें राज्य कोणासाठीं?

राज्यकारभार इंजिनियर व तज्ज्ञ यांच्या हातीं द्यावा, निवडून आलेले लोक अडाणी व लांचखाऊ असतात, असें आमच्या नागपुरांतील शिकलेली मंडळी मोठ्या तोऱ्यानें सांगत असते. पण ह्या औषधाचा गुण म्हैसुरांत पूर्वींच पाहून झाला आहे.

सर विश्वेश्वरय्या १९१२ सालीं म्हैसूरचे दिवाण झाले. इंजिनियर म्हणून त्यांच्या तोडीचा माणूस विरळा, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे त्यांचेच. परंतु १९१८ सालीं ब्राह्मणेतरांस सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा म्हणून महाराजांनीं मिलर कमिटी नेमली, तेव्हां ह्या थोर गृहस्थांस लायकी आठवली! त्यांनीं विरोध केला व दिवाणगिरी सोडली. पाण्याचा दाब मोजणाऱ्यास पिढ्यान्‌पिढ्यांचा दाब मोजतां आला नाहीं. लायकी शाळेंतून येते, आणि शाळेचें दार कोणीं लावून घेतलें होतें, हें त्या गणितांत नव्हतेंच.

आतां घरचें पाहूं. १९३६ च्या कायद्यानें नागपूर सुधार प्रन्यास जन्मास आला. जमीन घेणें, आंखणी करणें, भूखंड वांटणें ही सत्ता ज्याच्या हातीं आली, त्या प्रन्यासाचा अध्यक्ष सरकार नेमतें. नगरसेवक कसाही असो, त्याला निदान मतें मागायला मोहल्ल्यांत यावें लागतें.

आणि तज्ज्ञांचे आंकडे तरी किती पक्के? वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचा १९८३ चा अंदाज ३७२ कोटींचा. पायाभरणी १९८८ सालीं झाली. पुढें खर्चाचा आंकडा १८ हजार कोटींपलीकडे गेला. पुढाऱ्यांचा दोष असेलच, आम्ही त्यांचे वकील नव्हेत. पण अंदाजपत्रकावर सही कोणाची लागते? २०१२ सालीं सिंचनखात्यांतील गैरकारभाराविरुद्ध पत्र लिहिणारे विजय पांढरे मुख्य अभियंताच होते. असा इंजिनियर आम्हांस शिरोधार्य आहे. आमचें भांडण विद्येशीं नाहीं. जोतीरावांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्यें पाणी अडविण्याचा, बांध घालण्याचा विचार १८८३ सालींच मांडला, तोही कोणत्या पदवीवांचून!

म्हणून आमची मागणी अशी: धरणाखालीं जाणाऱ्या प्रत्येक गांवीं ग्रामसभा भरवून नकाशा व खर्चाचा अंदाज मराठींत वाचून दाखविल्याशिवाय पुढील रक्कम मंजूर होऊं नये. इंजिनियरसाहेबांनीं तेथें जातीनें हजर राहावें, आणि ज्याची जमीन जाणार त्याच्या प्रश्नांस सर्वांसमक्ष उत्तर द्यावें.