दोन संध्याकाळींचा पेपर

माझी नात इंग्लंडमध्ये खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी अभ्यास करते आहे. लेखी परीक्षेचे नऊ विषय, प्रत्येकात ७५ टक्के हवेत. त्यातला विमानवैद्यकाचा पेपर म्हणे सगळ्यांत सोपा, दोन संध्याकाळी वाचले की झाले! फोनवरून तिची उजळणी मी घेते. (मराठी माध्यमातल्या बी.ए. बाईने विमानाचे प्रश्न विचारायचे, आहे की नाही गंमत?) आणि माझे मत असे झाले आहे की नऊ पेपरांत खरा अवघड हाच.

पाठांतराला सोपा, हे कबूल. उंचावरच्या हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो, कमी होतो तो हवेचा दाब. १८,००० फुटांवर निम्मा. आकडा बरोबर, गुण मिळाला. पण प्राणवायू कमी पडला की माणूस गुदमरतो, घाबरतो असे नाही हो. पुष्कळदा त्याला छानच वाटते! आधी जाते ती निर्णयबुद्धी, आणि ती गेली हे कळायला तीच लागते.

१५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तिघे आठ हजार मीटरच्या वर गेले. प्राणवायूच्या पिशव्या बरोबर होत्या, डोक्यावरच टांगलेल्या. तिसांदिए यांनी नळी घ्यायची ठरवली तेव्हा हातच उचलेना. त्यांना शुद्ध आली तेव्हा सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली हे दोघे सोबती गेलेले होते. वेदना नव्हत्या, उलट आतून आनंद वाटत होता, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. मला तो आनंदच भयंकर वाटतो.

कुणी म्हणेल, छोटी विमाने कुठे एवढ्या उंच जातात? पण इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर थोड्या उंचीवरही तीच गत. त्याला रंग नाही, वास नाही. २१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना घेऊन नांतहून कार्डिफकडे निघालेले विमान समुद्रात कोसळले. साला यांच्या रक्तात या वायूचे प्रमाण ५८ टक्के निघाले. वैमानिकावरही त्याचा परिणाम झाला असावा, असा तपासाचा निष्कर्ष. त्याच्याकडे खाजगी परवानाच होता, म्हणजे असलेच काहीतरी वाचून तोही कधीतरी पास झालेला असणार.

मग शिकून उपयोग काय? माझ्या मते एकच. वर गेल्यावर आपल्या डोक्याचा भरवसा नाही, म्हणून जे ठरवायचे ते खाली, डोके ताळ्यावर असताना ठरवायचे. कार्बन मोनॉक्साइड दाखवणारे यंत्र लावायचे, ते वाजले तर "मला तर बरं वाटतंय" असे म्हणत बसायचे नाही. आणि हे चार पर्यायांतून एकावर खूण करून कसे तपासणार? आमच्या शाळेतही नागरिकशास्त्रात पैकीच्या पैकी मिळवणारी मुले सुटी झाली की रांग मोडून पळत. असो.

गेल्या महिन्यात नातीला सर्दी झाली. आभाळ मोकळे, विमान ठरवलेले, पैसे भरलेले. "आजी, एवढ्याशा सर्दीने काय होतंय?" मी म्हटले, बाळा, उतरताना नाक चोंदलेले असले तर कानातला दाब सारखा होत नाही, पडद्याला इजा होते, हे तूच मला परवा सांगितलेस. सर्दीच्या गोळीने झोप येते हेही. छोट्या विमानाशी तुझे नाक तपासायला कोण उभा असणार आहे?

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिने विमान रद्द केले. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, ते चालेल मला.