डिशवर महाड दिसायला हवं

महाड औद्योगिक वसाहतीच्या आसपास, बिरवाडीकडच्या चाळींवर लागलेल्या डिश पाहाव्यात. कंपनी कोणतीही असो, सगळ्यांची तोंडं आग्नेयेला. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. तिथून येणारा झोत अख्ख्या देशावर पडतो. त्यामुळे बिहारहून आलेल्या कामगाराला खोलीत भोजपुरी वाहिनी मिळते आणि ती मिळायलाच हवी. पण महाडच्या सावित्री नदीचं पाणी किती चढलं, हे सांगणारी वाहिनी घरमालकाच्या डिशवर नाही.

दोष ग्राहकाच्या पॅकचा नाही. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या नियमांमुळे हवी ती वाहिनी सुटी निवडता येते; मात्र ती मुळात यादीत असावी लागते. एका तालुक्याची वाहिनी उपग्रहावर चढवली तरी ती देशभराची जागा अडवते. हा खर्च परवडणार कोणाला? अमेरिकेत छोट्या झोतांनी त्या त्या शहराच्या वाहिन्या त्याच भागात उतरवतात. १९९९ च्या कायद्याने त्याला वाट मोकळी करून दिली. आपल्याकडे गावची बातमी केबलवाल्याकडेच राहिली आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या विखुरलेल्या वाड्यांपर्यंत वायर ओढणं त्याला परवडत नाही.

२२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली गेलं, तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गाडली गेली. अशा वेळी टीव्हीवर भिस्त ठेवता येत नाही. वीज जाते आणि त्याआधीच, पावसाने जोर धरला की, 'नो सिग्नल'ची पाटी येते, कारण डिशच्या लहरी पावसाच्या सरींत क्षीण होतात.

म्हणूनच इशारा आदल्या संध्याकाळी, चित्र स्वच्छ असताना घरात पोचला पाहिजे.

त्यासाठी नवी वाहिनी लागत नाही. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी फ्री डिशवर आहे, तिला महिन्याचं भाडं नाही. जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी तिच्यावर कोकणातल्या जिल्ह्यांसाठी दहा मिनिटं राखून ठेवावीत: नद्यांची पातळी, धरणांचा विसर्ग, दरडप्रवण गावांची नावं, बंद असलेले घाट. जिल्हा प्रशासन ही माहिती पावसाळ्यात रोज गोळा करतच असतं. प्रसार भारती आणि राज्य सरकारने येत्या पावसाळ्याआधी हे सुरू करावं.